कंपनीचा शिक्का न मारून घेतलेला नट

जपानी नट तात्सुया नाकादाई ८ नोव्हेंबर २०२५ ला गेले. ९२ वर्षांचे होते आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते रंगमंचावर उभे होते. आपल्याकडे फिल्म सोसायटीत वाढलेल्या लोकांना ते 'रान'मधला वेडा झालेला म्हातारा राजा म्हणून आठवतात, नाहीतर 'योजिंबो'मध्ये गळ्यात मफलर आणि हातात पिस्तूल घेऊन हिंडणारा देखणा खलनायक म्हणून. 'कुरोसावांचा नट' अशी त्यांची ओळख झाली. ती चूक नाही, पण फार अपुरी आहे. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते वेगळ्या कारणासाठी. हा माणूस सत्तर वर्षं काम करत राहिला आणि कुठल्याही एका फिल्म कंपनीचा कधीच झाला नाही. १९५० च्या दशकातल्या जपानमध्ये हे किती अवघड होतं ते कळलं, की त्यांच्या भूमिकांकडे बघण्याची नजर बदलते. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे प्रभातच्या काळात नट-नट्या कंपनीच्या महिना पगारावर असत, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. युद्धानंतर आपल्याकडची ही पद्धत मोडली आणि स्टार मंडळी मोकळी झाली. जपानमध्ये उलट झालं. तिथे कंपन्या आणखी घट्ट झाल्या. सप्टेंबर १९५३ मध्ये शोचिकु, तोहो, दाइएइ, शिनतोहो आणि तोएइ या पाच बड्या कंपन्यांनी आपसात एक करार केला. एकीच्या कराराखाली असलेला नट किंवा दिग्दर्शक दुसरीने पळवायचा नाही, आणि उसनाही द्यायचा नाही. निमित्त होतं निक्कात्सु या जुन्या कंपनीचं. ती पुन्हा चित्रपट काढायच्या तयारीत होती आणि जास्त पैसे देऊन माणसं फोडेल अशी बाकीच्यांना धास्ती होती. गंमत म्हणजे १९५८ मध्ये निक्कात्सुच या करारात सामील झाली. ज्याच्याविरुद्ध कुंपण घातलं तोच कुंपणाच्या आत येऊन बसला!

कागदावर हा पाच व्यापाऱ्यांमधला समझोता. प्रत्यक्षात कंपनीशी वाकडं आलं की नटाला सिनेमाची सगळीच दारं बंद. फुजिको यामामोतो या दाइएइच्या फार मोठ्या नायिका. १९६३ मध्ये कराराच्या अटींवरून त्यांचं मालक मासाइची नागाता यांच्याशी बिनसलं. कंपनीने त्यांना काढलं आणि इतर कंपन्यांनी कराराला जागून त्यांना घेतलं नाही. वय जेमतेम तिशी उलटलेली. त्यानंतर त्या सिनेमात दिसल्या नाहीत, पुढची कारकीर्द टीव्ही आणि नाटकात गेली. १९६८ मध्ये जिरो तामिया या नटाची हीच गत झाली. कारण काय, तर पोस्टरवर आपलं नाव कितव्या नंबरला असावं यावरून वाद! त्यांना चित्रपट मिळेनात, शेवटी टीव्हीवर प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालक म्हणून उभे राहिले. त्याच वर्षी तोशिरो मिफुने आणि युजिरो इशिहारा यांचा कुरोबे धरणावरचा चित्रपट आला. इतक्या मोठ्या दोन स्टारना एका पडद्यावर यायचं तर आपापल्या कंपन्या, म्हणजे तोहो आणि निक्कात्सु, यांच्याशी झगडावं लागलं.

आता या चित्रात नाकादाईंना बसवून बघा. तोहोसाठी काम, शोचिकुसाठी काम, दाइएइसाठी काम. कुरोसावा, मासाकी कोबायाशी, मिकिओ नारुसे, कोन इचिकावा, किहाची ओकामोतो, हिरोशी तेशिगाहारा, हिदेओ गोशा... एकमेकांशी काडीचं साम्य नसलेले दिग्दर्शक, आणि सगळ्यांकडे हा माणूस. हे जमलं कसं?

'तो बाणेदार होता म्हणून' हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पटत नाही. बाणेदार तर फुजिको यामामोतोही होत्या. नाकादाईंच्या मागे एक संस्था होती, हा फरक.

त्यांचा जन्म १३ डिसेंबर १९३२ चा, टोकियोतला. पाळण्यातलं नाव मोतोहिसा. वडील लहानपणीच वारले, घरात गरिबी. युद्ध संपलं तेव्हा बारा वर्षांचे होते. मे १९४५ मध्ये टोकियोवर झालेल्या हवाई हल्ल्यातला एक प्रसंग ते म्हातारपणी मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगत. आगीत पळताना त्यांनी एका अनोळखी लहान मुलीचा हात धरला होता. पळता पळता हात एकदम हलका लागला. वळून पाहिलं तर हातात फक्त हातच होता. घाबरून त्यांनी तो टाकून दिला आणि पळत सुटले. निदान तो नीट पुरायला हवा होता, ही बोच त्यांना आयुष्यभर होती. 'देशासाठी मरा' म्हणणारी तीच मोठी माणसं १५ ऑगस्टनंतर अमेरिकेचं कौतुक करताना त्यांनी पाहिली. मोठ्यांवरचा विश्वास उडाला तो तिथे, असं ते सांगत.

१९५२ मध्ये ते हाइयूझा या नाटकसंस्थेच्या शाळेत दाखल झाले. हाइयूझा म्हणजे आधुनिक, पाश्चात्य वळणाचं नाटक करणारी मंडळी, इब्सेन, चेखव, शेक्सपिअर, ब्रेख्त. कोरेया सेंदा हे तिथले गुरू, जर्मनीत राहून आलेले, डाव्या विचारांचे, युद्धकाळात तुरुंग पाहिलेले. सिनेमाच्या हिशेबात नाटकाला पैसा नाही हे तेव्हाही खरं होतं. हाइयूझाने त्यावर तोड काढली. संस्थेचे नट सिनेमात काम करत आणि त्या कमाईचा मोठा वाटा संस्थेला देत. टोकियोतल्या रोप्पोंगीमध्ये १९५४ साली उभं राहिलेलं त्यांचं स्वतःचं थिएटर अशा पैशांवर उभं आहे. म्हणजे सिनेमा ही संस्थेची रोजगार हमी, आणि नाटक हे काम.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे गणित अनोळखी वाटणार नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमी किती वर्षं बँकेतल्या, एलआयसीतल्या, सरकारी कचेरीतल्या पगारावर चालली! दिवसा कारकुनी, संध्याकाळी तालीम. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून १९६९ मध्ये पूर्ण वेळ नाटकात आले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. फरक इतकाच, की आपल्याकडे ही सोय ज्याने त्याने आपापली केली, तिथे संस्थेने केली.

तर १९५६ मध्ये नाकादाईंना निक्कात्सुच्या 'फिनिक्स' या चित्रपटात मोठी भूमिका मिळाली आणि लगेच कंपनीने कायम कराराचा प्रस्ताव ठेवला. गरिबीतून आलेला तेविशीतला पोरगा. पैसा, घर, मासिकांच्या मुखपृष्ठावर फोटो, सगळं समोर. त्यांनी नकार दिला. वर्षातले सहा महिने नाटक आणि सहा महिने सिनेमा, अशी विभागणी त्यांनी ठरवली आणि ती बराच काळ पाळली. नकार देता आला कारण परत जायला हाइयूझा होती. कुठल्याच कंपनीच्या कराराखाली नसल्यामुळे त्यांना पळवण्याचा प्रश्नच येत नव्हता. पाच कंपन्यांचं कुंपण कंपनीच्या माणसांसाठी होतं, आणि हा माणूस आधीपासूनच कुंपणाबाहेर राहत होता.

आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. करार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, तीन नायिकांनी मिळून एक संस्था काढली. केइको किशी, योशिको कुगा आणि इनेको आरिमा. संस्थेचं नाव 'निन्जिन क्लब'. निन्जिन म्हणजे चक्क गाजर. आपल्याला कुठल्या चित्रपटात काम करायचंय ते आपण ठरवू, एवढी साधी मागणी. तिघीही ऐन विशीत. कंपन्यांनी त्यांना फार मनावर घेतलं नसावं. पण याच गाजर क्लबने पुढे निर्मितीत उडी घेतली आणि कोबायाशींचा 'काळी नदी' काढला. १९५७ चा हा चित्रपट अमेरिकन लष्करी तळाभोवती पोसलेल्या गुंडगिरीवर आहे, आणि त्यातला गुंड जो म्हणजे नाकादाई. इथून त्यांची आणि कोबायाशींची जोडी जमली.

मग याच क्लबने 'ह्यूमन कंडिशन' हाती घेतला. जुनपेई गोमिकावा यांच्या सहा खंडी कादंबरीवर, तीन भागांत, एकूण साडेनऊ तासांचा चित्रपट. १९५९ ते १९६१. वितरण शोचिकुचं, पण निर्मितीमागे त्या तिघींची संस्था, आणि नायक कुठल्याच कंपनीचा नसलेला, सव्वीस वर्षांचा नट. कंपनीच्या यादीतला चेहरा घेतला असता तर हा चित्रपट असा झाला नसता, असं मला वाटतं.

कथा १९४३ च्या मांचुरियात सुरू होते. काजी हा सुशिक्षित, पुरोगामी विचारांचा तरुण. मजुरांना माणसासारखं वागवलं तर उत्पादनही वाढेल, असा अहवाल तो लिहितो. कंपनी म्हणते, जा, खाणीवर जाऊन करून दाखव, बदल्यात तुला सैन्यभरतीतून सूट. काजी हो म्हणतो, लग्न करतो आणि खाणीवर जातो. तिथे त्याच्या ताब्यात विजेच्या तारांच्या कुंपणात कोंडलेले चिनी युद्धकैदी येतात. चांगल्या हेतूने नोकरी पत्करलेला माणूस बघता बघता तुरुंगाधिकारी होऊन बसतो. पळण्याच्या खोट्या आरोपावरून कैद्यांची मुंडकी उडवायला सुरुवात होते तेव्हा तो अखेर पुढे होऊन थांबा म्हणतो. उशीर झालेला असतो, काही जणांचे जीव गेलेले असतात. मग छळ, सैन्यातली रवानगी, तिथला नवख्यांना होणारा मार, रशियन हल्ला, पराभव, कैद, आणि शेवटी बायकोच्या ओढीने बर्फातून चालत निघालेला एक भिकाऱ्यासारखा माणूस. बर्फ त्याच्यावर साचत जातो, हळूहळू एक उंचवटा होतो. संपलं. शूटिंग होक्काइदोच्या थंडीत झालं, बर्फात खरोखर पडून राहावं लागलं आणि बराकीतल्या थपडाही खऱ्या होत्या, असं नाकादाई सांगत.

कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात गेलेले आणि मांचुरियात राहिलेले. बढती मिळत असून त्यांनी ती घेतली नाही, शेवटपर्यंत साधे शिपाई राहिले. युद्ध संपल्यावर ओकिनावात कैदेत होते. काजी म्हणजे बऱ्याच अंशी तेच.

आता तारखा बघा. पहिला भाग जानेवारी १९५९ मध्ये लागला. त्या वेळी जपानचे पंतप्रधान कोण होते? नोबुसुके किशी. १९३६ ते १९३९ या काळात मांचुरियातल्या जपानी कळसूत्री राजवटीत उद्योगखात्याची सूत्रं हलवणारे अधिकारी. युद्धानंतर 'अ' वर्गातले संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात होते, खटला न चालवता १९४८ मध्ये सोडले गेले आणि नऊ वर्षांत पंतप्रधान झाले. (शिंझो आबे यांचे हे आजोबा.) म्हणजे ज्या औद्योगिक व्यवस्थेत काजीची खाण येते ती व्यवस्था रचणाऱ्यांपैकी एक जण देश चालवत होता आणि थिएटरात लोक ही खाण बघत होते. १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले आणि किशींना जावं लागलं. चित्रपटाने सरकार पाडलं वगैरे मी म्हणणार नाही, तसं होत नसतं. पण लोकांच्या डोक्यात काय चाललं होतं हे समजायला हा चित्रपट वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याइतका उपयोगी आहे.

मी तो तीन रविवारी तीन भाग असा पाहिला. पहिल्या भागानंतर मला काजीचा राग आला होता. इतका हुशार माणूस, सही करताना याला काय कळलं नसेल? दुसऱ्या भागात लक्षात आलं की चित्रपटालाही तेच विचारायचं आहे, आणि काजीला निर्दोष ठरवायची त्याला घाई नाही. नाकादाईंचे डोळे प्रसिद्ध आहेत, मोठे, थोडे ओलसर. कोबायाशी त्या डोळ्यांत धैर्य शोधत नाहीत. आपण यात सामील आहोत हे कळलेला माणूस कसा दिसतो, ते शोधतात.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, 'हाराकिरी'. साल १६३०. युद्धं संपलीत, घराणी बुडालीत, बेकार सामुराई दारोदार फिरतायत. त्यातले काही बड्या सरदाराच्या वाड्यावर जाऊन म्हणतात, तुमच्या अंगणात पोट फाडून मरायची परवानगी द्या. खरी इच्छा ही, की चार पैसे देऊन त्यांनी वाटेला लावावं. ईई घराण्याच्या वाड्यावर असाच एक तरुण आलेला असतो. घरात आजारी पोर, औषधाला पैसे नाहीत, तलवारही गहाण टाकून म्यानात बांबूचं पातं घातलेलं. वाड्यावरचे लोक ठरवतात की याला धडा शिकवू. त्याला त्याच बांबूच्या पात्याने पोट फाडायला लावतात. मग काही काळाने त्याचा सासरा हान्शिरो येतो आणि अंगणात बसून शांतपणे आपली गोष्ट सांगू लागतो. नातवाचा आजोबा झालेला हा माणूस नाकादाईंनी वयाच्या २९ व्या वर्षी केला. आवाज खाली उतरवलेला, हालचाल जवळजवळ नाही. शेवटच्या द्वंद्वाच्या वेळी खऱ्या तलवारी वापरल्या होत्या, असं त्यांनी पुढे सांगितलं. आज कुठली विमा कंपनी याला तयार होईल देव जाणे.

पण मला त्यातली मारामारी नाही, शेवटची वही आठवते. हान्शिरो वाड्यातले कितीतरी लोक मारतो, घराण्याचं पूजनीय चिलखत उचलून आपटतो, आणि मरतो. वाड्याचा कारभारी हुकूम देतो : मेलेले सगळे आजाराने मेले असं नोंदवा. अंगण धुतलं जातं, चिलखत पुन्हा जागच्या जागी बसवलं जातं, वहीत लिहिलं जातं की विशेष काही घडलं नाही. सरकारी नोंदी कशा तयार होतात यावर यापेक्षा चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही. १९६३ मध्ये कानला त्याला ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळालं.

गाजर क्लबचं पुढे काय झालं? १९६४ च्या अखेरीस त्यांनी कोबायाशींचाच 'क्वाइदान' काढला, चार भुताच्या गोष्टी, अवाढव्य सेट, विमानाच्या हँगरमध्ये रंगवलेली आभाळं. त्यातल्या बर्फाच्या बाईच्या गोष्टीत केइको किशी आणि नाकादाई आहेत. कानला पुन्हा विशेष पारितोषिक मिळालं आणि क्लब कर्जात बुडून बंद पडला. दहाएक वर्षं चाललेली संस्था. इतिहासाच्या पुस्तकात तिला एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्या तिघींचे उपकार मोठे आहेत.

कुरोसावांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. 'सेव्हन सामुराई'मध्ये गावातून चालत जाणारा एक सामुराई काही सेकंद दिसतो, तो विद्यार्थी नाकादाई. तेवढ्या चालण्यासाठी कुरोसावांनी सकाळपासून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा चालायला लावलं, सगळ्यांदेखत. या माणसाच्या चित्रपटात पुन्हा काम करायचं नाही असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं, आणि 'योजिंबो'साठी बोलावणं आलं तेव्हा आधी नकोच म्हणाले. तो प्रसंग कुरोसावांच्याही लक्षात होता, म्हणूनच बोलावलं, असं त्यावर उत्तर आलं. १९८० च्या 'कागेमुशा'त मुळात शिंतारो कात्सु होते. ते सेटवर स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले, त्यावरून वाजलं आणि चित्रीकरण सुरू होताच ते बाहेर पडले. ऐन वेळी नाकादाई आले. चित्रपटाला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९८५ च्या 'रान'साठी रोज चार चार तास रंगभूषा, आणि जळत्या किल्ल्यातून पायऱ्या उतरून येण्याचा तो प्रसंग एकाच टेकमध्ये, कारण जाळायला दुसरा किल्ला नव्हता. 'रान' हा 'किंग लिअर'चा जपानी अवतार. आपल्या 'नटसम्राट'मध्येही लिअर आहेच. १९७० मध्ये बेलवलकर उभे करणारे लागू आणि १९८५ मध्ये हिदेतोरा उभा करणारे नाकादाई, एका राजाची दोन घरं. असो.

इकडे कुंपणाचं काय झालं? ते कुठल्या कायद्याने नाही, टीव्हीने पाडलं. १९५८ मध्ये जपानमध्ये ११२ कोटींहून जास्त सिनेमाची तिकिटं खपली होती. १९६३ मध्ये ती ५१ कोटींवर आली. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त प्रेक्षक घरी जाऊन बसला. कंपन्यांनी १९५६ पासूनच टीव्हीला चित्रपट देणं बंद केलं होतं आणि आपल्या नटांना टीव्हीवर जायला मज्जाव केला होता. परिणाम इतकाच झाला की टीव्हीने स्वतःचे कार्यक्रम आणि स्वतःचे चेहरे तयार केले. १९६९ मध्ये तर फुजी टेलिव्हिजनच चित्रपट काढू लागलं. 'गोयोकिन' आणि 'हितोकिरी', दोन्ही गोशांचे, दोन्हींत नाकादाई. ('हितोकिरी'त लेखक युकिओ मिशिमा यांनी पोट फाडून मरणाऱ्या सामुराईची भूमिका केली. पुढच्या वर्षी त्यांनी ते खरोखरच केलं.) फुजिको यामामोतोंना बाहेर काढणारी दाइएइ १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालकांनी नटांना कुलपात ठेवलं आणि घर मात्र मागच्या दाराने रिकामं झालं.

नाकादाईंना टीव्हीची ना भीती होती ना तिरस्कार. १९७२ मध्ये एनएचकेच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत ते किओमोरी झाले, तैरा घराण्याचा तो बाराव्या शतकातला सत्ताधीश. या मालिका म्हणजे तिथला रविवार रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम. आपल्याकडच्या महाभारताच्या दिवसांची आठवण काढा, तसं. १९७६ मध्ये 'वांझ प्रदेश' या चित्रपटात त्यांनी सैबेरियात अकरा वर्षं कैद भोगून परतलेला माजी लष्करी अधिकारी केला, जो व्यापारी कंपनीत लागतो आणि लढाऊ विमानांच्या खरेदीच्या दलालीत ओढला जातो. चित्रपट होत असतानाच लॉकहीड विमानांच्या लाचेचं प्रकरण फुटलं आणि माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना अटक झाली. काजी जिवंत परत आला असता तर त्याच्या पिढीने पुढे कुठे नोकरी केली असती, याचं हे एक उत्तर म्हणून मी तो पाहिला.

आणि मग १९९५. एनएचकेने चीनच्या सरकारी वाहिनीबरोबर 'मातीचं लेकरू' ही मालिका काढली, तोयोको यामासाकी यांच्या कादंबरीवर. मांचुरियात स्थलांतरित झालेल्या जपानी शेतकऱ्यांची मुलं १९४५ च्या धावपळीत मागे राहिली आणि चिनी घरांत वाढली, त्यांच्यातल्या एकाची कथा. वाढवणारा बाप एक गरीब चिनी शिक्षक, जू शू या थोर चिनी नटाने केलेला. जन्मदाता बाप शांघायजवळच्या पोलाद कारखान्याच्या कामावर आलेला जपानी अभियंता, नाकादाईंनी केलेला. शेजारी काम करणारा चिनी इंजिनियर आपलाच मुलगा आहे हे त्याला फार उशिरा कळतं. ज्या भूमीवर १९५९ मध्ये काजीला उभं केलं होतं तिथेच छत्तीस वर्षांनी हा बाप. आता तो कुणाविरुद्ध ओरडत नाही, फक्त मुलाने आपल्याकडे यावं असं त्याला वाटतं आणि ते मागायचा हक्क आपल्याला आहे का हे त्याला कळत नाही.

संस्थेचं ऋण त्यांनी संस्थेनेच फेडलं. १९७५ मध्ये पत्नी यासुको मियाझाकी यांच्याबरोबर त्यांनी 'मुमेइजुकू' सुरू केली. अर्थ साधारण 'अनामिकांची शाळा'. फी नाही. पत्नी नटी होत्या, नंतर लेखन-दिग्दर्शन करू लागल्या. शाळेचा कणा त्याच होत्या, १९९६ मध्ये त्या गेल्या. या शाळेत सत्तरीच्या दशकाअखेर टोकियोच्या एका वॉर्ड ऑफिसातला कारकून आला. नाकादाईंनी त्याला नाव दिलं याकुशो, म्हणजे सरकारी कचेरी! हेच ते कोजी याकुशो, 'परफेक्ट डेज'मध्ये टोकियोची सार्वजनिक शौचालयं साफ करणारे हिरायामा, ज्यांना २०२३ मध्ये कानला सर्वोत्कृष्ट नटाचं पारितोषिक मिळालं.

ऐंशीच्या दशकात ही मंडळी नोतो द्वीपकल्पातल्या एका छोट्या गावी तालमीसाठी जाऊ लागली. गावाशी इतकं जमलं की १९९५ मध्ये तिथे खास थिएटर उभं राहिलं. रंगमंचाची मागची भिंत उघडते आणि पलीकडे खरी झाडं, खरा डोंगर दिसतो. 'मॅकबेथ'च्या वेळी तिथून घोडे आले होते. मोठ्या शहरांतून लोक बसेस भरून या खेड्यात नाटकाला येत. २०१५ मध्ये सरकारने त्यांना सांस्कृतिक क्षेत्रातला सर्वोच्च सन्मान दिला, पण तालीम तिथे चालूच राहिली.

१ जानेवारी २०२४ ला नोतोत मोठा भूकंप झाला. थिएटरचंही नुकसान झालं. दुरुस्तीनंतर २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे पुनरुभारणीसाठी प्रयोग लागले. नाटक ब्रेख्तचं 'मदर करेज'. युद्धात सैन्यामागे गाडी घेऊन फिरणारी, सैनिकांना माल विकून पोट भरणारी बाई. युद्धावर जगते आणि युद्धातच एकेक करून तिन्ही मुलं गमावते. ती बाई नाकादाईंनी केली, ९२ व्या वर्षी. यापूर्वीही केली होती. शेवटी सगळं गेल्यावर ती गाडीचा दांडा एकटीच उचलते आणि पुन्हा सैन्यामागे निघते. रंगमंचावरचं त्यांचं ते शेवटचं काम ठरलं.

ज्यांनी काहीच पाहिलं नसेल त्यांनी 'हाराकिरी'पासून सुरुवात करा, सव्वादोन तासांचा आहे. 'ह्यूमन कंडिशन'ला तीन रविवार काढून ठेवा, आणि पहिल्या भागानंतर काजीचा राग आला तर सोडून देऊ नका.